आंबण्याची भाषा

वाइनच्या जुन्या पिंपात मुरवलेली, कडक आणि आंबट अशी एल जातीची बीअर चाखली, तर तिच्याविषयी मराठीत काय लिहिता येईल? प्रश्न चैनीचा वाटेल. आमच्या मते तो समीक्षेचा आहे.

याच कुळातली, पण सौम्य असलेली लॅम्बिक बीअर ब्रुसेल्समधील कँतियोँ ही १९०० साली स्थापन झालेली संस्था बनवते. ओकच्या पिंपांत ती एक ते तीन वर्षे मुरते. यीस्ट मद्यार्क घडवते, जिवाणू लॅक्टिक आम्ल, तर लाकूड तुरटपणा देते. कडक एलमध्ये त्यांवर मद्यार्काची ऊब चढते. चवीचे वर्णन म्हणजे या थरांचा क्रम ओळखणे.

आपण मात्र 'आंबलेले' म्हणजे 'बिघडलेले' असे समजून थांबतो. वास्तविक परंडा तालुक्यातील सोनारीचा परिसर ज्वारीचा, आणि ज्वारीच्या पिठाची आंबील त्याच लॅक्टिक आम्लाची ओळख करून देते. आंबूस, आंबटगोड, आंबटढाण हे भेद अशा स्वयंपाकघरांनीच जपले. आंबील गेली की हे शब्दही जातील.

नाट्यशास्त्रात भरताने रस समजावताना दृष्टान्त घेतला तो अन्नाचाच. जिभेवरचे भेद ज्याला सांगता येत नाहीत, तो विद्यार्थी कवितेच्या संदर्भात 'आस्वाद' हा शब्द कोणत्या अनुभवाच्या बळावर वापरणार?

मद्याचा पुरस्कार आम्हांला करावयाचा नाही. आस्वादक समीक्षा शिकवण्यापूर्वी एम.ए.च्या वर्गाकडून वाटीभर आंबिलीवर दहा ओळी लिहून घ्याव्यात, आणि त्यांत 'छान' हा शब्द वर्ज्य मानावा, एवढेच आमचे म्हणणे.