सम, विषम आणि बोलण्याची मुभा

अकोले-संगमनेरच्या पट्ट्यात हरिनाम सप्ताह बसायचा ठरला की पारावर पहिला प्रश्न निघतो तो काल्याच्या कीर्तनाचा. महाराज कोण? उत्तर ‘इंदुरीकर’ असे आले तर गाड्या लावायला एखादे मोकळे रान आधीच बघून ठेवावे लागते. मांडवात बायकांची बाजू लवकर भरते. मग दोन तास पोरींचे कपडे, सुनांचे मोबाइल, दारुडे नवरे, पुढारी आणि मास्तर यांच्यावर टोले पडत राहतात, आणि ज्यांच्यावर टोला पडतो त्यांच्यातूनच मोठा हशा उठतो.

निवृत्ती महाराज देशमुख हे त्यांचे नाव. अकोले तालुक्यातल्या इंदोरीचे म्हणून इंदुरीकर. शिक्षण बी.एस्सी., बी.एड. यातली पहिली पदवी पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या एका कीर्तनाची चित्रफीत गाजली. सम तिथीला संग झाला तर मुलगा, विषम तिथीला झाला तर मुलगी, असे त्यात ते सांगत होते. मूल मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, पंचांगावर नाही, हे शाळेच्या विज्ञानात शिकवले जाते आणि बी.एस्सी.च्या माणसाला ते ठाऊक नसेल असे मानणे कठीण. ओरड झाली. महाराजांनी पत्रक काढून दिलगिरी व्यक्त केली, कीर्तन सोडून शेती करण्याची भाषाही केली. समर्थक रस्त्यावर उतरले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने पाठपुरावा केला आणि जून २०२० मध्ये प्रकरण संगमनेरच्या न्यायालयात गेले. मार्च २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने महाराजांना दिलासा दिला. जून २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. खटल्याची वाट पुन्हा मोकळी झाली.

या सगळ्या काळात एक वाक्य गावोगाव ऐकू येत होते: ‘आता काही बोलायचीच सोय राहिली नाही.’ शहरात ज्याला ‘पॉलिटिकली करेक्ट’ राहणे म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द रुळलेला नाही. आजीचे ‘जपून बोल गं’ त्याच्या सर्वांत जवळ जाते. इंदुरीकरांच्या चाहत्यांचे म्हणणे असे, की हा माणूस जपून बोलत नाही म्हणून तर लोक येतात, आणि शहरातल्या चार शहाण्यांना गावाकडची भाषा सोसत नाही म्हणून त्याला कोर्टात ओढले.

तक्रार भाषेबद्दल असती तर या म्हणण्यात बळ होते. पण ज्या कलमाखाली प्रकरण उभे राहिले ते शिष्टाचाराचे कलम नाही. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा. त्याचे बाविसावे कलम मुलगा किंवा मुलगी निवडण्याच्या उपायांची जाहिरात करायला मनाई करते, आणि उपाय शास्त्रीय असो वा नसो, ही मनाई लागू होते असे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. कायदा करणाऱ्यांना सोनोग्राफीचे यंत्र जसे दिसत होते तसे जडीबुटीवाले आणि तिथीवालेही दिसत होते. कीर्तनातले विधान ही जाहिरात होते का, हा वकिलांनी कीस काढण्याचा मुद्दा आहे आणि न्यायालयाने तो काढावा. पण त्याला ‘भावना दुखावल्याचे प्रकरण’ म्हणणे ही सरळ दिशाभूल आहे.

आणि जिल्हा कोणता, हेही बघायला हवे. २००१ च्या जनगणनेत नगर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५२ उरल्या. त्याच वर्षी राज्याचा आकडा ८९४ होता. साखर कारखाने, दूध संघ, शिक्षणसंस्था, यांत पुढारलेल्या जिल्ह्याची ही दुसरी बाजू. अशा ठिकाणी हजारोंच्या मांडवात मुलगा होण्याची तिथी सांगितली जाते तेव्हा ती नुसती गंमत राहत नाही. ऐकणाऱ्यांत कुणाची सून असते, तिला दोन मुली असतात, आणि रात्री घरी गेल्यावर पंचांग खाली काढणारी सासूही त्याच मांडवातून उठून गेलेली असते.

एवढे मान्य केल्यावर मात्र थांबायला हवे, आणि पुष्कळ पुरोगामी मंडळी इथे थांबत नाहीत. तिथीचे विधान एक, आणि पोरींच्या कपड्यांवरची टवाळी दुसरी. पहिल्याने नुकसान होते आणि ते कायद्यात नोंदलेले आहे. दुसरी कुजकट आहे, जुनाट आहे, बऱ्याचदा बाईला कमी लेखणारी आहे, पण तिच्यावर तोडगा फौजदाराकडे नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमात बोलण्यावरच्या बंधनांची यादी आहे: सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि नीतिमत्ता, बदनामी, चिथावणी वगैरे. ‘ऐकून वाईट वाटले’ असे काही त्या यादीत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की टवाळीबरोबर तिथीही सुटते, कारण लोकांना वाटते सगळाच आरडाओरडा नाजूक कानांचा आहे.

कुजकट बोलण्याला उत्तर बोलण्यानेच द्यायचे, हे म्हणायला सोपे. कीर्तनात ते द्यायचे कसे? नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाला यजमानही वाकून नमस्कार करतो. टाळकरी मागे, मृदंग बाजूला, माइक एकच. सभेत चिठ्ठी पाठवता येते, व्याख्यानानंतर प्रश्न विचारता येतो. कीर्तनात मधेच उठून ‘महाराज, हे खोटे आहे’ म्हणणारी सून अजून कुणी पाहिलेली नाही. ती हसते, कारण न हसणे म्हणजे टोला आपल्यालाच लागला अशी कबुली. बोलण्याचे स्वातंत्र्य तिथे पुरेपूर असते, फक्त ते एकाच माणसाला असते.

गंमत अशी की हे स्वातंत्र्य ज्यांना आज इतके प्यारे झाले आहे त्यांच्यातल्या काहींना ते पूर्वी तितकेसे आवडत नव्हते. डॉ. आनंद यादव २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष. त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतल्या तरुण तुकोबांच्या चित्रणावर वारकरी संघटना भडकल्या. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतले गेले, तरी भागले नाही. अध्यक्षपद सोडावे लागले आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडले. कादंबरी ही कल्पनेची गोष्ट. तिने कुणाच्या गर्भाची तिथी सांगितली नव्हती. तरीही ती सहन झाली नाही, आणि अकरा वर्षांनी त्याच संप्रदायातल्या अनेकांना एका कीर्तनकाराच्या वाणीसाठी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवले. (तुकोबा स्वतः दांभिकांना कोणत्या शब्दांत झोडपत, हे गाथा उघडून पाहणाऱ्याला सांगायला नको. आजच्या एखाद्या संघटनेने ते अभंग कवीचे नाव न बघता वाचले तर निवेदन तयारच.)

शब्दांचे हे सोवळे-ओवळे एकाच बाजूला आहे असेही नाही. अकोले तालुक्याने मराठीला आणखी एक माणूस दिला, धामणगावचे दया पवार. १९७८ साली त्यांचे ‘बलुतं’ आले. गावचा महारवाडा आणि मुंबईचा कावाखाना, तिथली दारू, मारामाऱ्या, शिव्या, लाज, सगळे त्यांनी जसेच्या तसे लिहिले. पांढरपेशा वाचक हादरला. पण शिकून वर आलेल्या काही दलितांनाही ते रुचले नाही. आपली लक्तरे चव्हाट्यावर का मांडली, असा त्यांचा सवाल होता. पवारांनी त्या दिवसांत जपून बोलायचे ठरवले असते तर मराठीतले एक मोठे आत्मकथन लिहिलेच गेले नसते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा या नावांऐवजी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावे. निर्णय योग्यच होता. पोराला शाळेच्या दाखल्यावर वस्तीच्या नावाने ओळखले जाण्याची शिक्षा कशासाठी? पण पाटी बदलल्याने ‘बलुतं’मधला शब्द बदलत नाही आणि बदलूही नये. दाखल्यावर जे नाव जाच असते तेच पुस्तकात साक्ष असते. २०१८ मध्ये याच्या उलटा प्रकार घडला. केंद्राच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयाने वाहिन्यांना ‘दलित’ शब्द टाळून ‘अनुसूचित जाती’ म्हणावे असा सल्ला दिला. १९७२ मध्ये मुंबईत ज्या तरुणांनी स्वतःच्या संघटनेला ‘दलित पँथर’ म्हणवून घेतले, त्यांनी तो शब्द अभिमानाने निवडला होता. तो काढून घेताना त्यांच्या वारसांना काय वाटेल, याची तमा कितपत बाळगली गेली कोण जाणे.

(जिल्ह्याच्या नावाचेही असेच. कागदोपत्री आता अहिल्यानगर आहे. जुने नाव तोंडात आले की माणूस एका गटाचा, नवे आले की दुसऱ्या गटाचा. शहाणी माणसे पूर्वीपासून नुसते ‘नगर’ म्हणतात आणि सुटतात.)

इंदुरीकरांच्या बाबतीत शब्दाला शब्दाने उत्तर मिळालेच नाही असे नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांनी कीर्तनात आपण कोरोनाची लस घेतली नसल्याचे सांगितले. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी कलमांची भाषा न करता, आपण त्यांची समजूत काढू असे म्हटले. २०२३ मध्ये महाराजांनी नृत्यांगना गौतमी पाटीलच्या मानधनावरून टोमणा मारला, की तीन गाण्यांना तीन लाख देणारे लोक कीर्तनकाराने पाच हजार मागितले तर नाके मुरडतात. नृत्यांगनेनेही आपल्या बाजूने उत्तर दिले. लोकांनी दोघांचे ऐकले, मजा घेतली, आणि कुणाचेही आभाळ कोसळले नाही.

मग नोव्हेंबर २०२५ आला. घरच्या एका शुभकार्याचा थाटमाट समाजमाध्यमांवर पसरला आणि वर्षानुवर्षे साधेपणाने लग्ने करा सांगणाऱ्या महाराजांना लोकांनी त्यांचीच वाक्ये ऐकवली. तिथपर्यंत ठीक होते. पुढे टीका घरच्या लेकीच्या कपड्यांवर घसरली. इंदुरीकर व्यथित झाले. मला बोला, पण माझ्या लेकराला का, असा त्यांचा सूर होता आणि कीर्तन थांबवण्याचा विचारही त्यांनी पुन्हा बोलून दाखवला. त्यांचे दुःख खोटे नव्हते. कुठल्याही बापाला ते होईल. मांडवात बायकांच्या बाजूला बसलेल्या किती आयांनी महाराजांच्या त्या बोलण्याची चित्रफीत मोबाइलवर पाहिली असेल, आणि पाहताना त्यांना आपापल्या लेकींबद्दल त्याच मांडवात ऐकलेले काय काय आठवले असेल, हे त्यांना कुणी विचारलेले नाही.