नार्व्याची फेरीबोट



गेल्या महिन्यात स्तंभ चुकला. दोघा-तिघांनी आठवणीने विचारलं, त्यांचे आभार. बाबांचं वर्षश्राद्ध होतं, म्हणून पंधरा दिवस डिचोलीला गेलो होतो. बेंगळुरूला परतताना बॅगेत नेहमीप्रमाणे खाजं होतं आणि मनात आमच्या शेजारच्या आंटींचं एक बोलणं. आज त्याच्याबद्दलच लिहितो.

आमच्या भागाने गेल्या काही वर्षांत बदल फार पाहिले. माझं आजोळ पेडण्याचं. लहानपणी मे महिन्यात मोपाच्या पठारावर करवंदं काढायला जायचो, तेव्हा तिथे गुरं चरत असायची. ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. डिचोलीत मात्र उलट झालं, तिथे आवाज थांबला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. तोवर रात्रंदिवस खनिज वाहणारे टिपर जागच्या जागी उभे राहिले. बाबांचे दोन टिपर होते, शेजारच्या अंकलचा एक. तिन्हींवर बँकेचं कर्ज. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सुट्टीत घरी यायचो तेव्हा अंगणात टिपर असायचे आणि ओसरीवर गप्प बसलेले बाबा.

मध्ये खाणी थोड्या सुरू झाल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. त्याच वर्षी पावसाळ्यात अंकल गेले. झोपेतच. दोन मुली शिकत होत्या, कर्ज अर्धंही फिटलेलं नव्हतं.

आंटी लोकांना डबे करून द्यायला लागल्या. पहाटे चारला त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा लागायचा. आणि संध्याकाळी सातला न चुकता त्यांच्या घरातून तेर्साचे आवाज यायचे. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तीच वाक्यं पुन्हा पुन्हा, मण्यामागून मणी. आमच्याकडे त्याच सुमाराला आई दिवा लावून रामरक्षा म्हणायची. दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण.

मी नवा नवा नोकरीला लागलेला, स्वतःला फार तर्कशुद्ध समजणारा. एकदा आंटींना सरळ विचारलं, "रोज तेच ते म्हणून काय होतं? हप्ता फिटतो का?"

त्या हसल्या. कोकणीत बोलल्या, मी मराठीत सांगतो. "नाही रे पुता. हप्ता डब्यांच्या पैशांनी फिटतो. पण सात वाजता त्याचा टिपर वळणावर हॉर्न द्यायचा. तो गेल्यावर ती वेळ मला एकटीने काढता येईना. म्हणून सात वाजता देवाला बोलावते. कधी कधी भांडते पण त्याच्याशी."

तेव्हा मी मान हलवली आणि विसरून गेलो.

दीड वर्षापूर्वी माझी पाळी आली. दहा मिनिटांची एक ऑनलाइन मीटिंग झाली, संध्याकाळपर्यंत लॉगिन बंद. फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी चार वर्षांची. नवी नोकरी मिळायला पाच महिने लागले आणि त्या पाच महिन्यांतच बाबा गेले. मी दहा दिवस सगळं यथासांग केलं, परत आलो, मुलाखती दिल्या. रडलो मात्र नाही. बायको म्हणायची, तू घरात असतोस पण नसतोस.

तिनेच तिच्या आईच्या कपाटातलं एक पुस्तक हाती दिलं: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. शाळेत त्यातला एखादा धडा होता एवढंच आठवत होतं. या वेळी पूर्ण वाचलं.

लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातला बदल साधासुधा नव्हता. नाशिकजवळच्या जलालपूरच्या कर्मठ घरात, कडक सोवळ्यात वाढलेली ही मुलगी. नवरा नारायण वामन टिळक, कवी आणि विलक्षण लहरी. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नवरा जिवंत, पण समाजाच्या लेखी गेल्यासारखाच. पदरात लहान दत्तू. पुढची काही वर्षं तिने माहेरच्या माणसांच्या आधाराने, बरीचशी पंढरपुरात काढली. दुःखाने ती आजारी पडली, सैरभैर झाली आणि त्याच काळात कविताही करू लागली.

आपण समजतो की श्रद्धा म्हणजे लख्ख प्रकाश पडतो आणि सगळं बदलतं. लक्ष्मीबाईंचं तसं काहीच झालं नाही. ती नवऱ्याकडे परतली ती ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. सुरुवातीला तिने आपलं सोवळं वेगळं सांभाळलं. मग राहुरीच्या बाजूला एकदा एकटीच विचार करत बसली असताना तिच्या मनात आलं की या जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर जनावरांच्या जाती जशा डोळ्यांना दिसतात तशा माणसांच्याही दिसल्या असत्या. तिथून एकेक गाठ सुटत गेली. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, म्हणजे टिळकांच्या नंतर पाच वर्षांनी. तिची श्रद्धा अशी हळूहळू, विचार करत, घरकाम करत आली. म्हणूनच बहुधा टिकली.

कारण पुढेही काही सोपं नव्हतं. मुलं गेलेली, पैशाची कायम ओढ, टिळक दिसेल त्याला घरातलं उचलून देणार. १९१९ मध्ये टिळकही गेले. तेव्हा ती पन्नाशीत होती, शाळा न पाहिलेली. त्यांनी सुरू करून अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' महाकाव्य तिने पुरं केलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. इतकं सोसलेल्या बाईच्या पुस्तकात पानोपानी हसू येतं, याचं मला सगळ्यात नवल वाटलं. दुःख लपवलेलं नाही आणि मिरवलेलंही नाही.

त्याच ओघात पंडिता रमाबाई वाचल्या. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा. वय तेवीस, कडेवर मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतला, परत येऊन विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे केडगावचं मुक्ती मिशन. जिच्यावर पुढची भिस्त होती ती मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. पण शेवटपर्यंत त्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या. श्रद्धेने त्यांचं एकही माणूस वाचवलं नाही. पण शेकडो निराधार बायका-मुलींना घर मिळालं ते त्याच श्रद्धेच्या बळावर.

आता नार्व्याची गोष्ट. वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी आंटी म्हणाल्या, "दिवाडीला सोडशील?" त्यांचं माहेर दिवाडी बेटावरचं. डिचोलीहून नार्व्याला जायचं आणि फेरीबोटीने मांडवी ओलांडायची. धक्क्याच्या वाटेवर सप्तकोटेश्वराचं देऊळ लागतं. हा देव मूळचा दिवाडीचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडल्यावर तो नदी ओलांडून नार्व्यात आला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. काही माणसं देवाबरोबर अलीकडे आली, काही पलीकडे राहिली आणि ख्रिस्ती झाली. सगळंच राजीखुशीने झालं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे.

त्या पलीकडे राहिलेल्यांचं काय झालं असेल? देव गेले, पोथ्या गेल्या. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याने १६१६ मध्ये रायतूरला मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' छापलं, दहा हजारांहून जास्त ओव्यांचं. त्याच्या सुरुवातीलाच एक नवख्रिस्ती ब्राह्मण गाऱ्हाणं घालतो की आमची पुराणं तर गेली, मग आमच्यासाठी तसं काही का करत नाही? मला त्या माणसाचं दुःख आज कळतं. नव्या आयुष्यात जुन्या संध्याकाळी कशा भरायच्या, हाच त्याचा प्रश्न होता.

देवळासमोर आंटींनी गाडीतूनच हात जोडले. म्हणाल्या, "आमच्याच गावचा तो."

दिवाडीला पिएदादच्या टेकडीवर इगर्ज आहे. पिएदाद म्हणजे मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली मरियम. आंटींनी दोन मेणबत्त्या लावल्या, एक अंकलसाठी, एक बाबांसाठी. म्हणाल्या, "हिला काही समजावून सांगावं लागत नाही." मी मागच्या बाकावर बसलो आणि वर्षभर जे आलं नव्हतं ते रडू आलं. आंटी शेजारी येऊन बसल्या, काही बोलल्या नाहीत.

मी धर्म बदललेला नाही, बदलणारही नाही. पण आंटींकडून एक गोष्ट शिकलो. दुःखाला ठरलेली वेळ असते, आणि त्या वेळेला कोणीतरी सोबत लागतं. त्यांनी देवाला बोलावलं.

घरी येऊन आईला पहिल्यांदाच विचारलं, "तुला कुठली वेळ जड जाते गं?" ती म्हणाली, "दुपारी चार. चहाचं आधण ठेवताना हात अजून दोन कप पाणी घेतो."

तेव्हापासून रोज चार वाजता माझ्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटं राखीव आहेत. टीमला वाटतं, कुठल्या तरी क्लायंटचा कॉल असतो. आई तिकडे चहा घेते, मी इकडे.

तुमच्या घरातल्या माणसाची जड वेळ कुठली, हे या महिन्यात एकदा विचारून पाहा.