स्पॅनिश भाषेचा अभ्यास : गुणांसाठीं कीं व्यवहारासाठीं ?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं मुलांपुढें व त्यांच्या पालकांपुढें एक ठरलेला प्रश्न उभा राहतो. महाविद्यालयांत भाषा कोणती घ्यावी ? या प्रश्नाचें उत्तर भाषेच्या आवडीवरून क्वचितच दिलें जातें. कोणत्या विषयांत गुण अधिक पडतात याची चौकशी होते, वरच्या वर्गांतील मुलांच्या गुणपत्रिका पाहिल्या जातात, आणि मग फ्रेंच, जर्मन, किंवा अलीकडे कोठें कोठें स्पॅनिश, यांपैकीं एखादी भाषा पदरांत पाडून घेतली जाते. पुढें परीक्षा होते, गुण मिळतात, आणि ती भाषा पुस्तकाबरोबरच रद्दींत जाते. ही गोष्ट आम्हांस बरेच दिवस सलत आहे. यास्तव स्पॅनिश भाषेच्या निमित्तानें या अंकांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींनीं स्पॅनिश अवश्य शिकावी. परंतु ती बोलण्यासाठीं शिकावी, आणि आधीं घरगुती व्यवहाराची व मग धंद्याची, या क्रमानें शिकावी. हा क्रम उलटा केला तर दोन्ही हातचीं जातात.

स्पॅनिश ही केवळ स्पेन देशाची भाषा नव्हे. स्पेन, मेक्सिको, क्यूबा, कोलंबिया, पेरू, चिली, आर्जेंटिना इत्यादि मिळून २० स्वतंत्र देशांत ती राज्यकारभाराची भाषा आहे. मातृभाषा म्हणून ती बोलणारांची संख्या ५० कोटींच्या घरांत जाते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ६ अधिकृत भाषांत तिची गणना होते. आपल्या देशाच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत माध्यमिक शाळांतून शिकवितां येण्याजोग्या परकीय भाषांची जी नांवें दिलीं आहेत, त्यांतहि स्पॅनिश आहे. व्यापाराकडे पाहिलें तर पुण्याच्या बजाज कंपनीच्या मोटारसायकली कोलंबियाच्या रस्त्यांवर धांवत आहेत. आणि स्पेनमधील सेव्हिल शहरीं ज्या सी-२९५ जातीच्या विमानांची जुळणी होते, त्याच जातीचीं ४० विमानें आपल्या देशांत बांधण्यासाठीं टाटांचा कारखाना बडोद्यास २०२४ सालीं सुरू झाला. तेव्हां या भाषेचें आपणांशीं कांहीं देणेंघेणें नाहीं, असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं.

यावर पालक विचारतात, "तिकडच्या मोठ्या लोकांस इंग्रजी येतेंच कीं, मग मुलानें ही आणखी एक भाषा कशाला डोक्यावर घ्यावी?" प्रश्न रास्त आहे. कंपनीच्या बैठकींत इंग्रजीनें काम भागतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु बैठक संपल्यावर यंत्र उघडून बसणारा कारागीर, गोदामांतला कारकून, दवाखान्यांत आलेली म्हातारी, शेतांत उभा असलेला शेतकरी, यांपैकीं कोणीहि आपणांशीं बोलण्यासाठीं इंग्रजी शिकून बसलेला नाहीं. आणि खरें काम बहुधा अशाच माणसांशीं पडतें.

भाषेचें ज्ञान अर्धवट असलें म्हणजे काय होतें, याचें एक उदाहरण वैद्यकीय जगांत प्रसिद्ध आहे. १९८० सालच्या जानेवारींत अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत १८ वर्षांच्या एका युवकास बेशुद्ध स्थितींत रुग्णालयांत नेण्यांत आलें. घरचीं माणसें मूळचीं क्यूबाचीं व स्पॅनिश बोलणारीं होतीं. मुलाला कांहीं तरी खाल्लेलें बाधलें असावें, असें त्यांस वाटत होतें. तें सांगतांना 'इंतोक्सिकादो' हा शब्द वापरला गेला. क्यूबाच्या बोलींत त्याचा अर्थ खाण्यापिण्यांतून बाधा झालेला, एवढाच आहे. पण इंग्रजींत या शब्दासारखा दिसणारा जो शब्द आहे, त्याचा अर्थ नशेंत असलेला असा होतो. डॉक्टरांनीं तोच अर्थ धरला आणि युवकानें मादक पदार्थ प्रमाणाबाहेर घेतला आहे असें समजून उपचार आरंभिले. वास्तविक त्याच्या मेंदूंत रक्तस्राव होत होता. तें लक्षांत येईपर्यंत वेळ निघून गेली होती, आणि तो धडधाकट मुलगा हातापायांनीं जन्माचा पंगू झाला.

या हकीकतींत आम्हांस विशेष वाटतें तें असें कीं, दुभाषी बोलावण्याचें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. कारण एकमेकांचें बोलणें आपणांस कळलें, अशीच दोन्ही बाजूंची समजूत होती. मुळींच न कळणें परवडतें, कारण तेथें मनुष्य विचारतो. कळलें असें वाटणें मात्र घातक ठरतें. आणि दुसरें असें कीं, ज्या शब्दानें घात केला तो वैद्यकशास्त्राच्या ग्रंथांतला नव्हता. तो स्वयंपाकघरांतला होता. रोगांचीं शंभर नांवें स्पॅनिशमध्यें पाठ केलेल्या डॉक्टरासहि आईच्या तोंडचा एक शब्द कळला नाहीं तर तीं शंभर नांवें व्यर्थ होत. धंद्याची भाषा नित्याच्या भाषेवर उभी असते, असें आम्ही म्हणतों तें याच कारणानें.

आतां याच्या उलट एक उदाहरण, आणि तें आपल्याच मातींतलें. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे मूळचे वर्ध्याचे. क्रांतिकार्यासाठीं ते देशाबाहेर पडले, अमेरिकेंत शेतकीचें शिक्षण घेतलें, गदर चळवळींत राहिले, आणि ब्रिटिश अमलांत स्वदेशाचा दरवाजा बंद झाल्यामुळें १९२४ सालीं मेक्सिकोंत गेले. तेथें चापिंगो येथील राष्ट्रीय कृषि विद्यालयांत ते अध्यापक झाले. मक्याच्या नव्या जाती त्यांनीं तयार केल्या. गरीब शेतकऱ्यांस शेतकीचें ज्ञान मोफत मिळावें म्हणून निघालेल्या मुक्त शाळांत ते पुढारी होते. हें सगळें कार्य स्पॅनिशमध्यें चाललें. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें मेक्सिको शहरांतील शिक्षण खात्याच्या इमारतीवर जीं भित्तिचित्रें काढलीं, त्यांत खानखोजे यांची आकृति आहे. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशीं परतले व १९६७ सालीं नागपुरास निवर्तले. २०२२ सालीं चापिंगो येथें त्यांचा पुतळा उभारला गेला.

एका वऱ्हाडी-नागपुरी वळणाच्या मनुष्याचा पुतळा सातासमुद्रापलीकडील शेतकी विद्यापीठांत कां उभा राहावा ? शास्त्र त्यांच्यापाशीं होतें, हें खरें. पण तें शास्त्र त्यांनीं बियाण्याविषयीं, पावसाविषयीं आणि कणसाविषयीं शेतकऱ्यांच्या भाषेंत पोंचविलें, म्हणून तें त्या भूमींत रुजलें. स्पॅनिश शिकून काय मिळतें, असें जे विचारतात त्यांनीं हें चरित्र अवश्य पाहावें.

विद्यार्थिमित्रहो, परकी भाषा म्हटली कीं तुम्हांस धास्ती वाटते. परंतु मराठी बोलणाऱ्या मुलास स्पॅनिश ही इंग्रजीपेक्षां कित्येक बाबतींत जवळची आहे, असें आमचें निरीक्षण आहे. 'मला आंबा आवडतो' हें वाक्य घ्या. स्पॅनिशमध्यें तें 'मे गुस्ता एल मांगो' असें होतें, आणि आंबे अनेक झाले कीं 'आवडतात' प्रमाणें 'मे गुस्तान लोस मांगोस' असें क्रियापद बदलतें. येथें कर्ता आंबा आहे, मी नव्हे. ही गोष्ट इंग्रज मुलाच्या गळीं उतरावयास महिना लागतो, आणि आपलें मूल ती आईच्या मांडीवर शिकून आलेलें असतें. नामांस लिंग आहे, विशेषण त्याप्रमाणें बदलतें. आपल्याकडे लिंगें तीन, तिकडे दोनच. जिव्हाळ्याच्या माणसास 'तू' म्हणतात, आणि नवल असें कीं तो शब्द उच्चारानें व अर्थानें आपलाच 'तू' आहे. मानाच्या माणसास 'उस्तेद' म्हणतात. त आणि द हे वर्ण आपल्याप्रमाणेंच दांतांस जीभ लावून उच्चारले जातात. आणि बहुतांशीं लिहिलें तसें वाचावें, हा आपला बाळबोध नियम तेथेंहि चालतो.

शब्दांचेंहि तसेंच आहे. कोंकण, मुंबई व गोमंतक या भागांत पोर्तुगीजांच्या सहवासानें जे शब्द मराठींत आले, त्यांचे भाऊबंद स्पॅनिशमध्यें भेटतात. कारण त्या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत. आपली 'बालदी' तिकडे 'बाल्दे' आहे, 'बटाटा' स्पेनमध्यें 'पाताता' आहे, आणि ज्याची सर्व घर पहिल्या तारखेस वाट पाहतें त्या 'पगारा'चें स्पॅनिश रूप 'पागार' असून त्याचा अर्थ पैसे चुकते करणें असा आहे.

म्हणून ही भाषा अगदीं सोपी आहे, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या 'असणें' या एका क्रियापदाच्या जागीं तेथें 'सेर' आणि 'एस्तार' अशीं दोन क्रियापदें आहेत, आणि कोठें कोणतें योजावें हें अंगवळणीं पडण्यास फार दिवस लागतात. इंग्रजीच्या आधारानें अर्थ तर्कानें काढणारा तर हमखास फसतो; 'एंबारासादा' हा शब्द ऐकून इंग्रजी जाणणारास लाजलेली स्त्री आठवते, पण त्याचा अर्थ गरोदर असा आहे ! शिवाय देशोदेशींचें बोलणें भिन्न. संगणकास स्पेनमध्यें 'ओर्देनादोर' म्हणतात, तर मेक्सिकोंत 'कोंपुतादोरा'. वऱ्हाडची मराठी आणि मालवणची बोली ज्यानें ऐकली आहे, त्यास याचें आश्चर्य वाटूं नये; त्यानें एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, पाठ्यपुस्तकांतील भाषा हा उंबरठा आहे, घर नव्हे.

आमच्या परिचयाच्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. त्यानें महाविद्यालयांत स्पॅनिश घेऊन उत्तम गुण मिळविले, आणि त्या बळावर त्यास परदेशाशीं पत्रव्यवहार करणाऱ्या एका कचेरींत जागा मिळाली. पत्रें तो सुरेख लिही. एके दिवशीं मेक्सिकोहून एका ग्राहकाचा दूरध्वनि आला. त्या गृहस्थानें कामाची गोष्ट काढण्यापूर्वीं, आपल्या मुलीचें लग्न ठरल्याची आनंदाची वार्ता सांगितली. आमच्या विद्यार्थ्यास करारनाम्यांतील सर्व कलमें येत होतीं. 'अभिनंदन' हा शब्द मात्र त्यास वेळेवर सुचला नाहीं. तो गप्प राहिला, आणि पलीकडचा मनुष्यहि आंखडला. पुढें त्यानें आम्हांस प्रांजळपणें सांगितलें, "मला शंभरांतील नव्वद गुण होते, पण त्या नव्वदांत दोन माणसांचें बोलणें नव्हतें." तेव्हांपासून तो दररोज अर्धा तास मोठ्यानें बोलण्याचा सराव करूं लागला, आणि वर्षभरानें त्याच गृहस्थाशीं त्याची घरच्यासारखी मैत्री जमली.

यास्तव जे ही भाषा घेतील त्यांस आमचें थोडकें सांगणें आहे. या भाषेच्या ज्ञानाच्या ए१ पासून सी२ पर्यंत ६ पायऱ्या सर्वत्र मानल्या जातात. स्पेन सरकारनें १९९१ सालीं स्थापिलेल्या सेर्वांतेस संस्थेच्या देखरेखीखालीं 'देले' नांवाच्या परीक्षा याच पायऱ्यांनीं होतात, आणि त्यांत वाचणें, ऐकणें, लिहिणें व बोलणें या चारहि गोष्टींची कसोटी लागते. त्या संस्थेची शाखा नवी दिल्लींतहि आहे. पहिल्या दोन पायऱ्यांवर बाजार, घर, प्रवास, आजारपण, आप्तेष्ट यांची भाषा पक्की करावी. तिसऱ्या पायरीवर पाय ठरल्यावर मगच आपल्या धंद्याची परिभाषा हातीं घ्यावी. मग तो धंदा वैद्यकीचा असो, यंत्रांचा असो कीं हिशेबाचा. चुकण्याची लाज धरूं नये. आणि समोरच्याचा शब्द नीट कळला नाहीं तर पुन्हां विचारावें. फ्लॉरिडांतील त्या युवकाची आठवण ठेवावी.

शेवटीं पालकांस एक विनंति. परकी भाषा घ्यावयाची म्हणून मराठी टाकून देण्याचा जो प्रघात पडूं पाहत आहे, त्यास आपण थारा देऊं नये. ज्या मुलास मराठींतील कर्ता, कर्म व लिंगविचार नीट कळतो, त्यासच स्पॅनिशचें व्याकरण लवकर कळतें, हें वर आम्हीं दाखविलेंच आहे. स्वतःच्या घराचा पाया खणून शेजाऱ्याच्या घरीं माडी चढवितां येत नाहीं. आणि मुलगा परीक्षा देऊन घरीं आला म्हणजे, 'किती गुण पडतील ?' असें विचारण्याऐवजीं, 'त्या भाषेंत आमच्याशीं दोन वाक्यें बोलून दाखव,' असें त्यास म्हणावें. घरांत कोणास त्यांतील अक्षरहि कळणार नाहीं; तरी त्यास बोलावें लागेल, आणि आपली विद्या कोठवर आली आहे हें त्याचें त्यासच कळेल.