वसमतचा गोळीबार पडद्यावर यावा

1 डिसेंबर 1944 रोजी सेनेगलमधल्या थियारॉय छावणीत फ्रेंच सैन्याने आपल्याच आफ्रिकी जवानांवर गोळ्या झाडल्या. फ्रान्ससाठी लढून जर्मनांच्या कैदेतून परतलेले हे जवान थकलेला पगार मागत होते. सरकारी दप्तराने त्याला बंड ठरवले आणि मृतांचा आकडा पस्तिशीत गुंडाळला. उस्मान सेम्बेन आणि थिएर्नो फाती सो यांनी 1988 मध्ये त्यावर चित्रपट काढला. त्यात कैदेने वाचा गेलेला एक जवान रात्री पहारा देतो आहे. पगार मिळेल या सेनापतीच्या शब्दावर विसंबून बाकीचे निर्धास्त झोपलेत. याला अंधारात रणगाडे येताना दिसतात. तो धावत जाऊन सोबत्यांना उठवतो, हातवारे करतो. पण वेडा समजून त्याचे कोणी ऐकत नाही. मग तोफा सुटतात. थियारॉयमध्ये झाले ते हत्याकांडच, ही कबुली फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी 2024 मध्ये दिली. चित्रपटाने ते 36 वर्षे आधीच सांगून ठेवले होते.

असाच विसरला जाणारा एक गोळीबार आपल्याकडेही झाला. आपल्या डोंगरकडा गावाच्या शेजारच्याच तालुक्यात, वसमतला, 1974 मध्ये मराठवाडा विकास आंदोलनात पोलिसांनी विद्यार्थ्यांवर गोळीबार केला. नोकऱ्या, पाणी, ब्रॉडगेज रेल्वे असे हक्काचेच मागणे होते. त्यासाठी विद्यार्थ्यांचे जीव गेले. आज आपल्या भागातल्या किती मुलांना हे ठाऊक आहे? पाठ्यपुस्तकात दोन ओळी आल्या तरी त्यातून ती दुपार, ती पळापळ, घरी न परतलेला मुलगा कळत नाही. ते काम चित्रपटाचे आहे.

मराठीला हे जमत नाही असे मुळीच नाही. त्याच काळात जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकर यांनी 'सामना'तून साखर कारखानदारीतली सत्ता उघडी केली आणि बेपत्ता मारुती कांबळेचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्राच्या तोंडी बसवला. वसमतच्या मुलांविषयीही कोणीतरी तितक्याच ठामपणे विचारले पाहिजे.

सेम्बेन मूळचे कादंबरीकार. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचायचे म्हणून ते सिनेमाकडे वळले आणि त्यांनी लोकांच्या बोलीत चित्रपट काढले. आपला चित्रपटही मराठवाडी बोलीतच हवा. पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत वसमतचा बाप रडणार नाही.

त्या वेळचे विद्यार्थी आता सत्तरीच्या आसपास आहेत. ते आहेत तोवरच त्यांच्या तोंडून सगळे टिपून घेतले पाहिजे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने हे काम महाविद्यालयांकडे सोपवावे आणि जिल्हा परिषदेने थोडा निधी द्यावा. डोंगरकड्यातल्या मुलांनी मात्र त्यांची वाट पाहत बसू नये. मोबाईल घेऊन येत्या रविवारीच वसमत गाठावे.