ध्येयाचें चित्र

अलीकडे पुस्तकांच्या दुकानांत एका जातीचीं पुस्तकें फार दिसूं लागलीं आहेत. वीस वर्षांनीं आपण कोठें असूं, कोणत्या घरांत राहूं, लोक आपणांस काय म्हणतील, याचें चित्र मनांत स्पष्ट रंगवावें. तें कागदावर उतरून भिंतीवर टांगावें. रोज सकाळीं त्याचें दर्शन घ्यावें. म्हणजे इच्छिलेलें पदरांत पडलेंच म्हणून समजावें, असा त्यांचा उपदेश असतो. आमच्या वाचकांच्या घरांतील तरुण मंडळी हीं पुस्तकें आवडीनें वाचतात आणि वडील मंडळी त्यांस हंसतात. आम्ही हंसणाऱ्यांपैकीं नाहीं. पक्ष्याचा डोळा तेवढा पाहणाऱ्या अर्जुनाची गोष्ट आम्हींहि वर्गांत शेंकडों वेळां सांगितली आहे. मात्र त्या गोष्टींत एक मोठी सोय आहे, ती मुलांच्या सहसा लक्षांत येत नाहीं. पक्षी झाडावर आधींच बसविलेला होता आणि तो द्रोणाचार्यांनीं बसविला होता. अर्जुनाचें काम नेम धरण्याचें; नेम कशावर धरावा ही विवंचना त्यास नव्हती.

आपल्या घरांतून हा पक्षी बहुधा वडीलच बसवितात. अमक्यानें वैद्य व्हावें, तमकीनें परदेशीं जावें, हें मुलांची मुंज होण्यापूर्वींच ठरलेलें असतें. मग मुलगा नेम धरीत नाहीं म्हणून आपण खिन्न होतों. ज्याचा पक्षी त्यासच कसा सांपडतो, हें पाहण्यासाठीं आम्ही एक अतिपरिचित चरित्र घेतों, तें धोंडो केशव कर्वे यांचें. परिचित माणसांविषयींच आपले गैरसमज फार दृढ असतात. शंभराव्या वर्षीं, १९५८ सालीं, भारतरत्न झालेल्या महर्षींचें आयुष्य आपण शेवटाकडून आरंभाकडे वाचतों, आणि महिला विद्यापीठ त्यांस बाळपणापासून दिसत होतें असें समजतों.

वस्तुस्थिति निराळी आहे. १८७५ सालीं हा कोंकणांतला मुलगा सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठीं मुरुडाहून साताऱ्यास पायीं गेला. सह्याद्रीचा घाट चढून शंभरावर मैलांची ती वाट होती. साताऱ्यास परीक्षकांनीं त्याच्या किरकोळ अंगकाठीकडे पाहिलें, आणि सतरा वर्षांचा दिसत नाहीं म्हणून त्यास परीक्षेस बसूं दिलें नाहीं. त्या दिवशीं त्याच्यापुढें जें ध्येय होतें तें एका दाखल्याएवढें, आणि त्या दाखल्यावर मिळेल त्या लहानशा नोकरीएवढें. पुढें मॅट्रिक झाला तो तेविसाव्या वर्षीं, बी. ए. झाला तो सव्विसाव्या वर्षीं. त्या वयांत त्यानें भिंतीवर चित्र टांगलें असतें, तर त्यांत कोणी एक गणिताचा शिक्षक दिसला असता. दुसरें कांहीं नाहीं.

चित्र पालटलें तें पुस्तकानें नव्हे. १८९१ सालीं पत्नी राधाबाई वारल्या. विधुरानें दुसरी कुमारिका करावी हा त्या काळचा राजमार्ग होता. तो सोडून अण्णासाहेबांनीं मार्च १८९३ मध्यें मित्राच्या विधवा बहिणीशीं, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील गोदूबाईंशीं विवाह केला. मुरुडकरांनीं सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. आई आणि भाऊ यांनीं त्यास घरांत घेतल्यास त्यांच्यावरहि तोच प्रसंग यावयाचा होता. ज्या गांवासाठीं या माणसानें स्वतः वर्गणी गोळा केली होती, त्या गांवानें हें केलें. एक अन्याय आतां त्यांच्यापुढें उभा होता, परंतु योजना अजून नव्हती.

यानंतर जें घडलें त्याकडे चरित्रकार धांवत्या दृष्टीनें पाहतात. आम्हांस मात्र तोच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुनर्विवाहास उत्तेजन देणारी मंडळी १८९३ मध्यें स्थापन झाली, तिचे चिटणीस कर्वेच होते. १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. त्याचा हेतु विधवांस शिकवून स्वतःच्या पायांवर उभें करणें हा होता. दोन्ही कामें एकाच दुःखावरचीं, दोन्ही योग्य. परंतु तीं एकमेकांच्या आड येऊं लागलीं. आश्रमांत गेलेल्या मुलीचें तेथें लग्न लावून देतील, या भीतीनें बाप आपली विधवा लेक पाठवीना. पुनर्विवाह केलेला गृहस्थच आश्रम चालवितो म्हटल्यावर ही शंका अगदींच निराधार म्हणतां येईल का? अण्णासाहेबांनीं हिशेब केला. पुनर्विवाहास तयार होणाऱ्या स्त्रिया थोड्या. शिक्षणाची गरज असलेल्या अगणित. त्यांनीं पुनर्विवाहाच्या मंडळीचें चिटणीसपद सोडलें, त्या चळवळींतून अंग काढून घेतलें, आणि आश्रम केवळ शिक्षणाचा ठेवला. कडव्या सुधारकांनीं त्यांस भित्रे म्हटलें, सनातन्यांनीं तरीहि जवळ केलें नाहीं. ज्या कार्यासाठीं स्वतःच्या गांवानें वाळींत टाकलें, तेंच कार्य दुसऱ्या कार्यासाठीं बाजूस सारणें याहून अवघड त्याग आम्हांस माहीत नाहीं. वाइटाचा त्याग करावयास फारशी दृष्टि लागत नाहीं. दोन चांगल्यांपैकीं एक खालीं ठेवावयाचें असतें तेव्हांच दृष्टि किती स्पष्ट आहे तें कळतें, आणि भिंतीवरचीं रंगीत चित्रें येथें नेमकीं मुकीं होतात. आठ दिशांनीं आठ छंद करणाऱ्या हुशार मुलांचें कांहीं होत नाहीं तें याच कारणानें. आळस त्यांच्या अंगीं नसतो.

आश्रम १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर एका झोंपडींत गेला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजांत गणित, सायंकाळीं चिखल तुडवीत हिंगणें, हा अण्णांचा क्रम होता. १९१५ सालीं टपालानें जपानांतील महिला विद्यापीठाची एक पुस्तिका आली. त्यांनीं ती चाळली आणि ठेवून दिली! त्याच वर्षअखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद मिळालें, तेव्हां भाषणाची तयारी करतांना ती पुन्हां हातीं घेतली, आणि या वेळीं तींतलें विद्यापीठ दिसलें. पुस्तिका तीच होती. वीस वर्षें मुलींस शिकविलेल्या माणसानें ती दुसऱ्यांदा वाचली, एवढेंच. १९१६ सालीं विद्यापीठ उघडलें तेव्हां अण्णांचें वय अठ्ठावन्न होतें आणि विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिक्षणाचें माध्यम मातृभाषा राहील हें त्यांनीं ठरविलें व तें सोडलें नाहीं. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं १९२० मध्यें पंधरा लाखांची देणगी दिली ती या सर्वांनंतर.

आतां एक अप्रिय गोष्ट. अशा दृष्टीचा खर्च कोण देतें? अण्णांनीं आपली विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नांवें करून टाकली. घरीं लहान मुलें होतीं आणि कुटुंब बहिष्कृत होतें. उद्यां कर्ता पुरुष गेला असता तर दारीं कोण उभें राहणार होतें? गोदूबाईंस, म्हणजे बायांस, तें जाचलें यांत नवल नाहीं. ज्या आश्रमासाठीं पति जीव टाकीत होता, त्याच्या हितासाठीं पुनर्विवाहित म्हणून त्यांस त्यापासून अंतरावर राहावें लागलें, हा तर दैवाचा विनोदच. आम्ही अण्णासाहेबांस दोष देत नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांत एकाचें ध्येय म्हणजे दहांच्या ताटांतला घांस असतो, आणि त्या दहांस विचारण्याची रीत आपल्याकडे फारशी नाहीं. थोर पुरुषाच्या घरीं नव्हती, तर इतरांकडे कोठून असणार?

अण्णांचें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालीं निघालें. बायांचें ‘माझें पुराण’ १९४४ सालीं. ज्यांच्या घरीं कॉलेजांत जाणारीं मुलें-मुली आहेत त्यांनीं हीं दोन्ही एका सुटींत मोठ्यानें वाचून काढावीं. शक्य तर बायांचें आधीं.