घरचे सोबती : गिनीपिग चावतो, तो का?

पोपट, मांजर आणि कुत्रा या जुन्या सोबत्यांच्या पंगतीस अलीकडे शहरांतील घरांतून एक नवा पाहुणा येऊन बसू लागला आहे. हा पाहुणा म्हणजे गिनीपिग होय. ओंजळीत मावणारा, अंगाने मऊ, भुंकण्याची कटकट नाही, आणि आहार म्हणाल तर शुद्ध शाकाहारी. त्यामुळे मुलांनी हट्ट धरला म्हणजे सोवळे पाळणाऱ्या घरांतील वडील मंडळीही फारशी आडकाठी करीत नाहीत. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. मग एके दिवशी तो मुलाच्या बोटास कडकडून चावतो, आणि घराचा सूर पालटतो. ‘शेवटी उंदराचीच जात ती,’ असे आजी म्हणतात. काकांच्या मते त्यास तलावाकाठी सोडून द्यावे हे बरे. मुलाचे मात्र दुहेरी नुकसान होते: बोटही दुखते आणि सोबतीही जातो.

या निकालापूर्वी थोडी चौकशी व्हावी, एवढ्याचसाठी हा लेख आहे. सिद्धेश्वर तलावाच्या किंवा धर्मवीर संभाजी तलावाच्या काठी सोडलेला गिनीपिग ‘मोकळा’ होत नाही. हजारो वर्षे मनुष्याच्या आश्रयाने वाढलेल्या या प्राण्यास ना बीळ खोदता येते, ना झाडावर चढता येते. घार, मांजर किंवा मोकाट कुत्रे त्याचा शेवट लवकरच करतात. सबब त्यास सोडणे म्हणजे दया नव्हे.

या प्राण्याचे नावच मुळी फसवे आहे. तो आफ्रिकेतील गिनीचा नव्हे आणि डुकराच्या कुळातीलही नव्हे. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात आहे. तेथील लोकांनी त्यास खाण्यासाठी पाळले, आणि १६ व्या शतकात तो युरोपात गेला. शिकार होणे हेच ज्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्राक्तन, त्याचा स्वभाव त्यास अनुरूपच बनला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असतात. त्यामुळे वरून आणि मागून येणारा शत्रू त्यास दिसतो, पण नाकासमोरची वस्तू नीट दिसत नाही. समोरच्या वस्तूची ओळख तो वासाने आणि ओठांनी करून घेतो. वरून झपकन उतरणारा हात हा त्याच्या लेखी हात नसून घारीचा पंजा होय. रानात असता तर तो पळाला असता. पिंजऱ्यात पळावयास जागा नसते. मग उरतात ते दात.

चावा हा एकाच प्रकारचा नसतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बोटास काकडीचा किंवा कोथिंबिरीचा वास असला तर तो बोट चाखून पाहतो. हा चावा हलका असतो आणि साबणाने हात धुतल्यास बहुधा थांबतो. दुसरा चावा सूचनेचा. मांडीवर दहा-पंधरा मिनिटे बसल्यावर तो वस्त्र ओढू लागला, तर पुष्कळदा त्यास लघवीस जावयाचे असते. ही सूचना ज्या घरी समजत नाही, त्या घरी आजींचे लुगडे ओले होते आणि दोष प्राण्याच्या माथी येतो. तिसरा चावा भीतीचा. त्यापूर्वी तो अंग ताठ करतो, मान वर उचलतो, दात कटकटा वाजवितो. हे दात वाजविणे म्हणजे ‘दूर व्हा’ असे स्पष्ट शब्दांत सांगणेच होय. ते ऐकून हात मागे घेणाऱ्यास सहसा चावा बसत नाही. चौथा चावा वेदनेचा, आणि आमच्या मते गृहस्थाश्रमी वाचकांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते याकडेच.

काल-परवापर्यंत शांत असलेला गिनीपिग उचलताच एकाएकी चावू लागला, तर त्याच्या स्वभावात नव्हे, शरीरात काही बिघडले आहे असे प्रथम समजावे. मनुष्याप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरातही ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज अन्नातूनच मिळावे लागते. न मिळाल्यास त्यास स्कर्व्ही हा रोग होतो, सांधे सुजतात, हिरड्या दुखतात, आणि प्रेमाने उचलणारा हातही त्यास असह्य होतो. या रोगाचे कारण उलगडण्यास मनुष्यास मदत झाली तीही याच प्राण्याची. १९०७ साली नॉर्वेमधील होल्स्ट आणि फ्रोलिश या संशोधकांनी गिनीपिगांस केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांस स्कर्व्ही झाल्याचे आढळले. पुढे ‘क’ जीवनसत्त्वाचा शोध लागला तो याच वाटेने. ज्या प्राण्याच्या दुखण्याने आमच्या मुलांच्या हिरड्या वाचल्या, तोच आमच्या घरी पोळीचे तुकडे, बिस्किटे आणि भिजविलेले हरभरे खाऊन त्याच दुखण्याने चावरा व्हावा, ही गोष्ट लाजिरवाणी नव्हे काय?

उपाय सोपा आहे. निरोगी गिनीपिगास वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. ढोबळ्या मिरचीचे दोन-तीन तुकडे रोज द्यावेत. पेरूची सुमारे १० ग्रॅमची फोड दिल्यास त्यातून २० मिलिग्रॅमच्या आसपास जीवनसत्त्व मिळते. मात्र पेरूत साखर असल्याने तो आठवड्यातून दोन-तीन वेळाच पुरे. मुख्य अन्न म्हणजे वाळलेले गवत, आणि ते अष्टौप्रहर समोर असावे. त्याचे पटाशीचे दात आणि दाढा जन्मभर वाढतात. गवत चावूनच त्या झिजतात. न झिजल्यास तोंडात जखमा होतात आणि पुन्हा चाव्याची तक्रार सुरू होते. आपला जिल्हा ज्वारीचा, म्हणून कोणी कोवळ्या ज्वारीचा पाला आणून घालील, तर तसे करू नये. ज्या पाल्याने गुराढोरांस किरळ लागते, तो या एवढ्याशा जीवास कसा सोसावा? लसूणघासही मोठ्या प्राण्यास रोज देऊ नये. त्यातील चुन्याच्या अंशाने मूत्राशयात खडे होण्याचा संभव असतो. कानामागची किंवा पाठीवरची केसाळ जागा सारखी खाजवीत असल्यास खरजेच्या किड्यांचा संशय घ्यावा आणि पशुवैद्यास दाखवावे. घरात उरलेले औषध कदापि देऊ नये. पेनिसिलीन जातीची औषधे, जी आपणांस तारतात, ती यास मारक ठरतात.

सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. थंड डोंगरात जन्मलेल्या या जातीस १८ ते २४ अंशांचे हवामान मानवते. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या गच्चीत ठेवलेला प्राणी चिडखोर झाला, तर त्यास दोष कसा द्यावा? घरातील सर्वांत थंड खोलीत, जमिनीलगत, पण कूलरचा झोत अंगावर येणार नाही अशा जागी त्याचे घर मांडावे. तो एका अंगावर पडून धापा टाकू लागला, तर अंग ओलसर फडक्याने पुसून लागलीच पशुवैद्याकडे न्यावा. दिवाळीत, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतील दारूकामाच्या वेळी त्यास आतल्या खोलीत ठेवून लपावयास एखादे पुठ्ठ्याचे खोके द्यावे.

आता एकत्र कुटुंबाची खास अडचण. अशा घरी प्रेम करणारे हात पुष्कळ असतात, आणि गिनीपिगाच्या भीतीचे मूळ बहुधा तेच असते. सकाळी एकाने शेपटाविना शेपूट शोधावे, दुपारी दुसऱ्याने झोपेतून उठवावे, संध्याकाळी पाहुण्यांच्या मुलांनी हातोहात फिरवावे. असल्या लाडांस माणूसही कंटाळेल. यास्तव पहिले पंधरा दिवस एकच व्यक्ती, एकच वेळ, असा नियम घालावा. त्या व्यक्तीने जवळ बसून हळू बोलावे आणि उघड्या तळहातावर पाला धरावा. गजांतून बोटांनी खाऊ देण्याची सवय लावू नये. गजांतून येईल ते खाद्य, असे एकदा त्याच्या मनाने घेतले की बोट आणि भाजी यांतील भेद उरत नाही. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या अंगाखाली द्यावा. मुलांनी त्यास नेहमी जमिनीवर मांडी घालूनच घ्यावे, कारण थोड्या उंचीवरून पडल्यानेही त्याचे हाड मोडते. मांडीवर टॉवेलापेक्षा झिजलेल्या चादरीचा मऊ तुकडा पसरावा. टॉवेलाच्या फासांत नखे अडकतात.

चावलाच तर हात झटकू नये, ओरडू नये, नाकावर टिचकी मारू नये. क्षणभर स्थिर राहून मग शांतपणे खाली ठेवावे. चावताक्षणी सोडून दिल्यास ‘चावले की सुटका’ हा धडा तो शिकतो, आणि मारल्यास हात हा खरोखरच शत्रू आहे अशी त्याची खात्री पटते. हा प्राणी कळपाने राहणारा असून एकटेपणानेही चिडतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमांन्वये त्यास एकटा पाळण्यास मनाई आहे. दोन माद्या एकत्र सुखाने नांदतात. दोन नर भांडू लागले तर मध्ये उघडा हात घालू नये. जाड कापड टाकून वेगळे करावे.

जखम झाल्यास ती वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांस विचारावे. घरातच वाढलेल्या अशा लहान प्राण्याच्या चाव्याने पिसाळरोग होण्याची भीती जवळजवळ नसते, तरी खोल जखम डॉक्टरांस दाखविणेच शहाणपणाचे.

चाव्याचे कारण शोधण्याचे हे काम मोठ्यांनी एकट्याने न करता मुलास बरोबर घेऊन करावे, अशी आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे. आज काय खाल्ले, किती वेळा दात वाजविले, कोणी कसे उचलले, हे त्याने एका वहीत टिपून ठेवावे. बोलता न येणाऱ्याचे म्हणणे समजून घेण्याची सवय ज्या मुलास अशी लागेल, ते मूल पुढे पाळण्यातल्या भावंडाचे रडणे आणि अंथरुणास खिळलेल्या आजोबांचे चिडणेही समजून घेईल. गिनीपिगाचे आयुष्य पाच ते आठ वर्षांचे असते, आणि तेवढ्या अवधीत घरातील एक मूल हे शिकून मोठे होते.