पात्रे उसनी, नाव स्वतःचे

आवडत्या कथेतील पात्र पुस्तक मिटल्यावरही मनातून जात नाही. त्याचे पुढे काय झाले असेल, या कुतूहलापोटी वाचक स्वतःच लेखणी उचलतो. असे लेखन पूर्वी वहीत राहत असे. आता ते मोबाईलवरून क्षणात शेकडोंच्या हाती पडते. परभणी जिल्ह्यातील एखाद्या विद्यार्थ्याला त्यामुळे संपादकाच्या होकाराविना वाचक मिळतो, ही स्वागतार्हच गोष्ट होय.

परंतु याच वाटेने एक अनाचारही शिरला आहे. कोणा अज्ञात शिक्षकाची कविता कुसुमाग्रजांच्या नावावर खपते, कोणा कारकुनाचा विनोद पु. ल. देशपांडे यांच्या नावाने फिरतो. एका लेखकावर परके शब्द लादले जातात आणि दुसऱ्याचे नाव कायमचे पुसले जाते. पुढे पाठविणाऱ्याला यात काही वावगे वाटत नाही, हे अधिक चिंताजनक आहे.

गोदाकाठाला हा प्रश्न नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता तीत पाठभेद शिरले होते. यापुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, असे त्यांनी अखेरीस बजावले. त्याच एकनाथांनी रामकथा मात्र ‘भावार्थ रामायणा’त आपल्या मुद्रेनिशी नव्याने सांगितली. कथा घ्यावी, पण दुसऱ्याच्या ग्रंथात आपले शब्द लपवू नयेत, हाच त्यातील भेद होय.

गंगाखेडच्या जनाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. त्यांच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंगांपैकी सर्वच त्यांचे नसावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. भक्तीपोटीच कोणी ती मुद्रा वापरली असेल. पण जनीचे मूळ शब्द कोणते, हे सांगणे त्यामुळे दुष्कर झाले. उलट, जात्यावर बसलेल्या बायांनी जनीला दळू लागणारा विठ्ठल आपल्या ओव्यांतून नव्याने उभा केला. त्यांनी जनीविषयी गायिले. जनी म्हणून नव्हे.

कायदाही हा भेद जाणतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर सामान्यतः 60 वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. परभणीत 1953 साली निवर्तलेल्या बी. रघुनाथांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाची मुदत 2013 अखेर संपली. त्यांच्या पात्रांवर आज कोणीही नवी कथा रचू शकेल. मात्र त्याच कायद्याचे कलम 57 लेखकत्वाचा हक्क स्वामित्वाहून वेगळा मानते. मुदत संपली म्हणून बी. रघुनाथांची कथा कोणी आपली म्हणून मिरवणे, किंवा आपली कथा त्यांची म्हणून खपविणे, सभ्यपणाचे ठरत नाही.

तेव्हा संकेत साधे आहेत. मूळ कृती व लेखक यांचा उल्लेख आरंभीच करावा. नवा भाग आपला आहे, हे स्पष्ट सांगून खाली आपले नाव घालावे. ज्यांच्या लेखनाची मुदत संपलेली नाही, त्यांची वा त्यांच्या वारसांची अनुमती घ्यावी. विक्री केली नाही म्हणजे सारे माफ होते, असे नव्हे. आणि दुसऱ्याचे लेखन पुढे पाठविताना शब्द बदलू नये, नाव गाळू नये. नाव ठाऊक नसेल तर तसे लिहावे, थोराचे नाव चिकटवू नये.

या शिस्तीची गरज थोरांपेक्षा लहानांना अधिक आहे. कुसुमाग्रजांची कीर्ती एका खोट्या कवितेने उणावणार नाही. पण ती कविता ज्याने लिहिली, त्याचे सर्वस्वच जाते. दामाशेटींच्या घरी राबलेल्या जनीजवळ स्वतःचे असे काय होते? अभंगाच्या शेवटी येणारे तेवढे एक नाव. सातशे वर्षे ते टिकले, कारण गाणाऱ्यांनी ते गाळले नाही. आजच्या लिहित्या हातांना एवढाच न्याय मिळावा.